कुलाब्याच्या किनाऱ्यावरचा कापूस

अजिंठ्याच्या वाटेवरच्या आमच्या पहूरला चित्र म्हटले की लेणीच आठवतात. समुद्र आमच्यापासून खूप लांब. तरी एका किनाऱ्याच्या चित्राविषयी लिहावेसे वाटते, कारण त्या चित्रापर्यंत आमच्या शेतातून वाट जाते.

विल्यम सिम्पसन यांचे ‘कॉटन ग्राऊंड, कुलाबा, बॉम्बे’ हे ते चित्र, १८६२ सालातले. सिम्पसन ग्लासगोचे, फिरस्ते चित्रकार. क्रिमियाच्या लढाईची चित्रे काढून त्यांनी नाव कमावले होते. १८५७चा उठाव शमल्यावर लंडनच्या ‘डे अँड सन’ या छापखान्याने त्यांना १८५९मध्ये हिंदुस्थानात धाडले. जागेवर पेन्सिलीने टिपणे घ्यायची आणि रंग लंडनला परतल्यावर भरायचे, अशी त्यांची रीत. बेत अडीचशे चित्रांचा होता. पण छापखान्याचे दिवाळे वाजले आणि १८६७च्या ग्रंथात पन्नासच छापली गेली. बिचाऱ्यांच्या सात वर्षांच्या मेहनतीचे हे मोल!

किनारा रंगवायचा म्हणजे माड, होडी आणि मावळता सूर्य, ही सवय आपल्याकडच्या कॅलेंडरवाल्यांनाही सुटलेली नाही. सिम्पसन यांनी कुलाब्याला समुद्र सोडून कापसाचा बाजार निवडला. गाठी आणि त्यांच्याभोवतीची माणसे हाच त्यांचा देखावा. आमच्या मते हे चित्राचे खरे मोठेपण आहे. समुद्राकाठी माणसे पोटासाठी उभी असतात, हे या परक्या माणसाला दिसले.

काळही तसाच होता. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कुलाब्याच्या मैदानात खानदेशचा माल येत होता. पण थळ घाटातून अजून आगगाडी नव्हती. म्हणजे कापूस बैलगाड्यांनी घाट उतरायचा. गाडीवान, बैल, आणि त्याआधी उन्हात बोंडे वेचणाऱ्या बायका चित्राच्या चौकटीबाहेर राहिल्या. येथे आमची तक्रार आहे. ज्याच्या हाती माल आला तो चित्रात आला. ज्याच्या हातून गेला तो नाही.

आपल्यातल्या पिंजारी भावांनी हे चित्र जरूर पाहावे. ज्यांच्या बापजाद्यांनी धुनकीच्या तारेवर कापूस मोकळा केला, त्यांना दाबून आवळलेल्या गाठी पाहून काय वाटेल? आमच्या वर्गातली पोरे दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर वेचणीला जातात. उर्दूच्या तासाला आम्ही फळ्यावर ‘कपास’ लिहितो तेव्हा त्यांना अर्थ सांगावा लागत नाही. या चित्राचा अर्थही सांगावा लागणार नाही, फक्त ते त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवे. सिम्पसन यांची बरीच चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. कापूस तिकडे गेला, तसबिरीही तिकडेच गेल्या.

१ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटातून आगगाडी सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, मुंबईचे भलेभले शेठ बुडाले. त्या वर्षीचा कुलाबा सिम्पसन यांनी रंगवला नाही. ते लंडनला बसून हिंदुस्थानातल्या जुन्या टिपणांत रंग भरत होते.