नित्य दोष, अनित्य दोष आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषा

१

सर्वांत कमी दोष कोणत्या भाषेत आहेत, हा प्रोग्रॅमर मंडळींतील एक जुना व चिवट वाद आहे. फोर्ट्रान (१९५७), लिस्प (१९५८) आणि कोबोल (१९६०) या भाषा प्रचारात आल्या तेव्हापासून हा वाद चालू आहे. भाषा बदलल्या, पक्ष बदलले, पण वादाची रीत बदललेली नाही. एक पक्ष प्रतिपक्षाच्या भाषेतील वैगुण्यांची यादी सादर करतो, दुसरा पक्ष तितकीच लांब यादी पुढे करतो, आणि ज्याची यादी आखूड त्याची भाषा निर्दोष, असा निर्णय मागितला जातो. या रीतीत एक गृहीत दडलेले आहे. दोष ही एकजिनसी वस्तू असून तिची गणना करता येते, असे ते गृहीत होय. ते तपासल्याखेरीज या वादाचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

दोषांच्या गणनेचा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही. मम्मटाने मुख्य अर्थाला जे बाधा आणते त्यास दोष म्हटले आणि अशा दोषांची दीर्घ वर्गवारी केली. परंतु त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला होता. श्रुतिदुष्टता, म्हणजे कानाला कठोर लागणारी वर्णयोजना, शृंगारात दोष ठरते. रौद्रात तीच शोभते. म्हणून तो दोष अनित्य होय. याउलट व्याकरणभ्रष्टता रस कोणताही असला तरी सामान्यतः दोषच राहते. ती नित्य होय. हा भेद प्रोग्रॅमिंगच्या भाषांना लावून पाहिला, तर नव्या वादातील बराचसा गोंधळ उलगडतो. नित्य व अनित्य असे दोन्ही दोष एकाच रकान्यात मांडून त्यांची बेरीज केली जाते, हे या गोंधळाचे मूळ आहे.

कसोटी अशी सांगता येईल. भाषा नव्याने रचली जात आहे असे मानावे. विवक्षित वैगुण्य काढून टाकल्याने जर कोणत्याही प्रयोजनाची हानी होत नसेल, तर तो दोष नित्य. ते काढताना कोणाला तरी इष्ट असे काही गमवावे लागत असेल, तर तो अनित्य.

२

या वादातील एक गाजलेला लेख म्हणजे ब्रायन कर्निगन यांनी १९८१ साली बेल प्रयोगशाळेत लिहिलेले पास्कल भाषेचे परीक्षण. पास्कल ही झुरिकच्या तंत्रविद्यापीठात निक्लाउस विर्थ यांनी रचलेली भाषा १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झाली. प्रोग्रॅमिंग हे शिस्तबद्ध शास्त्र म्हणून शिकविता यावे, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. कर्निगन यांनी पी. जे. प्लॉगर यांच्या सहकार्याने आपल्या एका पुस्तकातील प्रोग्रॅम पास्कलमध्ये नव्याने लिहिले, आणि त्या श्रमातून हा लेख उतरला. त्यामुळे त्यातील आक्षेप ऐकीव नाहीत, तर अनुभवसिद्ध आहेत. हा त्याचा मोठा गुण होय. आणखी एक गुण असा की, पास्कल आपली आवडती भाषा का नाही, एवढेच सांगण्याचा दावा त्याचे शीर्षक करते. ती कोणाचीच आवडती असू नये असे ते म्हणत नाही. लेखाचा आधार घेणाऱ्या पुढील वादपटूंनी हा संयम फारसा पाळलेला नाही.

त्यातील तीन आक्षेप वेगवेगळे घेऊन पाहावे. पहिला आक्षेप ॲरेविषयी आहे. ॲरे म्हणजे एकाच जातीच्या मूल्यांची क्रमवार रांग. पास्कलमध्ये रांगेची लांबी हा तिच्या जातीचाच भाग मानला जातो. परिणामी दहा संख्यांची रांग आणि वीस संख्यांची रांग या दोन भिन्न जाती ठरतात, आणि कोणत्याही लांबीची रांग क्रमाने लावून देणारा एकच उपप्रोग्रॅम लिहिता येत नाही. येथे कर्निगन यांचा पक्ष निरपवाद बळकट आहे. विद्यार्थ्यालाही याचा उपयोग नाही, व्यावसायिकालाही नाही. पुढे खुद्द विर्थ यांनी मोड्युला-२ या आपल्या नंतरच्या भाषेत लांबी खुली ठेवणाऱ्या रांगांची सोय केली, आणि १९८३ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाने पास्कललाही तशी वैकल्पिक सोय दिली. जातींची कडक शिस्त न सोडता हा दोष दूर करता आला, यावरूनच तो नित्य होता हे सिद्ध होते.

दुसरा आक्षेप असा की, पास्कलच्या जातिव्यवस्थेतून बाहेर पडण्याची वाट नाही. एका जातीचे मूल्य दुसऱ्या जातीचे मानून वापरावयाचे झाल्यास भाषा ते सरळपणे करू देत नाही. यंत्राची स्मृती स्वतः वाटून देणारा प्रोग्रॅम ज्याला लिहावयाचा आहे, त्याची यामुळे कोंडी होते. परंतु नवशिक्याच्या दृष्टीने ही बंद वाटच उपकारक आहे, कारण त्याची चूक ती तेथल्या तेथे पकडते. एकाच लक्षणास एक वाचक कारागृह म्हणतो आणि दुसरा तटबंदी. हा अनित्य दोषाचा नमुनेदार दाखला होय. तो पहिल्या आक्षेपाच्या पंक्तीला बसवून दोहोंना सारखेच गुण देणे सयुक्तिक नाही.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ‘हे खरे असेल आणि ते खरे असेल’ अशी जोडअट आली असता पहिला भाग असत्य निघाल्यावर दुसरा तपासावयाचा की नाही, हे पास्कलने निश्चित केले नव्हते. रांग संपली नाही ना, हे आधी पाहून मगच तिच्यातील पुढील मूल्य वाचावयाचे असते. दुसरा भाग विनाकारण तपासला गेला तर रांगेबाहेरचे मूल्य वाचले जाते. अर्थात एकाच प्रोग्रॅमचे दोन ठिकाणी दोन अर्थ संभवतात. आक्षेप रास्त आहे. मात्र कर्निगन यांना प्रिय असलेल्या सी भाषेने ही जोडअट निश्चित केली असली, तरी फलनाला दिलेल्या अनेक मूल्यांपैकी आधी कोणते काढावयाचे हे तिनेही मोकळेच ठेवले आहे. ही मोकळीक कंपायलरला वेगवान यंत्रभाषा निर्माण करण्यास उपयोगी पडते, असे समर्थन दिले जाते. ते मान्य करावयाचे, तर तेच माप पास्कललाही लावले पाहिजे. एका भाषेतील अनिश्चितता हा दोष आणि दुसरीतील अनिश्चितता ही सोय, असा न्याय टिकणारा नाही.

३

सी भाषेची परीक्षा करतानाही हाच विवेक लागतो. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास आकारास आणलेल्या या भाषेत दोन मूल्यांचे समान बिट काढणारे ‘&’ हे चिन्ह समतादर्शक ‘==’ या चिन्हापेक्षा दुर्बळ आहे. म्हणून ‘क & ख == ग’ असे लिहिले असता वाचणाऱ्याला क व ख यांचा संबंध आधी जाणवतो, पण कंपायलर ख व ग यांची तुलना आधी करतो. याची कारणमीमांसा रिची यांनीच १९९३ च्या आपल्या इतिहासलेखात केली आहे. पूर्वीच्या बी भाषेत तेच चिन्ह ‘आणि’ या अर्थीही वापरले जाई. त्या अर्थासाठी सीमध्ये ‘&&’ हे निराळे चिन्ह आले; पण जुने प्रोग्रॅम बिघडू नयेत म्हणून पहिल्याचे बलाबल आहे तसेच ठेवले गेले. तेव्हा ती भाषा मोजक्याच ठिकाणी वापरात होती. भाषेतिहासात शब्दांचे जुने प्रत्यय अर्थ गेल्यावरही मागे उरतात, तसाच हा अवशेष आहे. त्याचा लाभ आज कोणालाच नाही; हा नित्य दोष होय.

रांगेच्या सीमा न तपासणे हे सीचे दुसरे, अधिक गंभीर वैगुण्य. ते मात्र मूलतः अनित्य आहे. अल्प स्मृतीच्या यंत्रावर यंत्रणेचे गाभ्याचे प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक वाचनामागे होणारी तपासणी परवडत नाही, असा तो हिशेब होता. पुढे प्रयोजनाची पार्श्वभूमी बदलली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिसचा कृमी म्हणून ओळखला जाणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला. त्याने वापरलेल्या मार्गांपैकी एक म्हणजे ‘गेट्स’ या सीच्या वाचनफलनाने आपल्या मर्यादेबाहेर भरून घेतलेली ओळ. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. सीमा न तपासण्याच्या एकंदर धोरणामागे वेगाचे प्रयोजन होते. पण ‘गेट्स’ला किती अक्षरे घ्यावयाची हे सांगण्याची सोयच नव्हती, म्हणून ते सुरक्षितपणे वापरणे कोणालाही शक्य नव्हते. त्याचा दोष नित्य होता, आणि २०११ च्या प्रमाणकातून ते वगळले गेले ते योग्यच झाले. धोरण मात्र सीमध्ये कायम आहे.

अनित्य म्हणजे क्षम्य, असा याचा अर्थ नव्हे. टोनी होर यांनी १९८० च्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात एक अनुभव नमूद केला आहे. एलियट कंपनीच्या यंत्रासाठी त्यांनी तयार केलेल्या आल्गोल कंपायलरमध्ये सीमांची तपासणी होत असे. वेगासाठी ती बंद करण्याची सोय हवी काय, असे ग्राहकांना विचारले असता त्यांनी एकमुखाने नकार दिला. ही घटना सी भाषेच्या आधीची आहे. वेगाचे प्रयोजन हे सर्वांचे प्रयोजन होते, हा समज त्यामुळे ढळतो. याच होर यांनी १९६५ साली आल्गोल डब्ल्यूमध्ये ‘शून्य निर्देश’ घातला आणि २००९ मध्ये ती आपली अब्जावधी डॉलरची चूक असल्याचे जाहीरपणे सांगितले. ‘येथे काहीच नाही’ हे सांगण्याची गरज खरी आहे. तिला नाव देण्यात दोष नाही. कोणताही निर्देश न सांगता शून्य असू शकतो, हा दोष आहे. ही दोन अंगे वेगळी ठेवता येतात, हे एमएल परंपरेतील भाषांनी दाखविले आहे.

४

या दोषचर्चेला एक प्रतिपक्ष आहे. लोक ज्यांच्याविषयी कुरकुर करतात आणि ज्या कोणीच वापरीत नाही, अशा दोनच प्रकारच्या भाषा असतात, या आशयाचे सी-प्लस-प्लसचे कर्ते ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांचे विधान वारंवार पुढे केले जाते. त्याला भाषाशास्त्रातील एका मान्य सिद्धान्ताचा आधार दिल्यासारखे भासते. कोणतीही मानवी भाषा सदोष नसते, आपल्या समाजाच्या गरजांना ती पुरेशीच असते, हा तो सिद्धान्त. परंतु तो येथे लागू करता येत नाही.

मानवी भाषेत श्रोता संदिग्धतेची दुरुस्ती करतो. ‘जर पाऊस आला तर जर छत्री असेल तर निघावे, नाहीतर थांबावे’ या वाक्यातील ‘नाहीतर’ कोणत्या ‘जर’शी जोडावयाचा, हे ऐकणारा प्रसंगावरून ठरवितो, अथवा विचारतो. ठीक हीच संदिग्धता १९६० च्या आल्गोलच्या मूळ अहवालात शिरली होती, आणि तीही जॉन बॅकस यांच्या सूत्रबद्ध व्याकरणपद्धतीचा त्यात अवलंब झाला असताना. १९६७ मध्ये या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना पी. झेड. इंगरमन यांनी केली, ती सूत्रांच्या या साम्यामुळेच. पास्कल व सी यांनी ‘नाहीतर’ जवळच्या ‘जर’ला जोडण्याचा नियम केला, आल्गोल ६८ ने प्रत्येक अटीला समाप्तिशब्द देऊन प्रश्नच मिटविला. नियमाने कंपायलरचा संशय फिटतो, वाचणाऱ्या माणसाचा फिटत नाही. कंपायलर विचारीत नाही. नियमाने मिळणारा अर्थ मुकाट्याने स्वीकारतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने दुरुस्त केलेल्या एका सुरक्षादोषात अटीखालची एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. मांडणीवरून दुसरी ओळही अटीतलीच वाटे. पण महिरपी कंस नसल्याने ती बिनशर्त अमलात येई, आणि जोडणीतील स्वाक्षरीची पडताळणी टळत असे. श्रोत्याची दुरुस्ती जेथे मिळत नाही, तेथे भाषेच्या पुरेपणाचा सिद्धान्त निवारा देऊ शकत नाही.

प्रतिपक्षाच्या विधानात तथ्य आहे ते निराळे. वापरातील भाषेचा नित्य दोषही सहजी काढता येत नाही, कारण तोवर लिहिले गेलेले वाङ्मय त्यावर उभे असते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत रचलेल्या जावास्क्रिप्टमध्ये ‘शून्य’ मूल्याची जात विचारल्यास ‘वस्तू’ असे उत्तर मिळते. हे चूक आहे यावर दुमत नाही. दुरुस्तीचा प्रस्तावही आला होता, पण असंख्य जुनी पाने मोडतील म्हणून तो सोडून द्यावा लागला. पायथनने दुरुस्तीचा मार्ग पत्करला. तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसरीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. संक्रमणास अकरा वर्षे लागली. नित्य दोष रचनेच्या दिवशी विनामूल्य टाळता येतो. नंतर त्याचे मूल्य वाढतच जाते.

५

यावरून असे दिसून येईल की, सर्वांत कमी दोष कोणत्या भाषेत आहेत हा प्रश्न उत्तरासाठी अपात्र आहे. त्याच्या जागी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, दाखविलेला दोष नित्य की अनित्य? नित्य असेल तर त्याचे समर्थन करीत बसू नये, कर्त्याचा मोठेपणा कितीही असो; रिची व होर यांनी तसे केले नाही, हे लक्षणीय आहे. दुसरा प्रश्न अनित्य दोषासाठी आहे: त्याचा भार कोणावर पडतो? स्मृतीच्या व्यवस्थेचेच उदाहरण घ्यावे. लिस्प किंवा जावा निरुपयोगी स्मृती आपण होऊन गोळा करते आणि भार यंत्राच्या वेळेवर टाकते. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली रस्ट प्रत्येक निर्देशाचे आयुष्य कंपायलरकरवी आधीच तपासते आणि भार शिकणाऱ्या प्रोग्रॅमरवर टाकते. सी यंत्राला व प्रोग्रॅमरला मोकळे सोडते. तेथे चूक झाल्यास भार अशा माणसावर पडतो, ज्याने ती भाषा कधी पाहिलेलीही नाही.

भाषेची निवड करणाऱ्यांच्या वादात हा तिसरा माणूस उपस्थित नसतो. यंत्र व प्रोग्रॅमर यांच्या सोयीगैरसोयींची मोजदाद करणाऱ्या याद्यांत त्याचा रकाना नसतो. आनंदवर्धनाने दोषाचा निर्णय शब्दांच्या यादीवर न सोडता रसाच्या आधारे, म्हणजे अखेरीस सहृदयाच्या प्रतीतीवर केला. प्रोग्रॅमिंगच्या भाषांच्या समीक्षेलाही असा अंतिम ग्राहक आहे, आणि दोषांची गणना करण्यापूर्वी तो कोण हे निश्चित करणे तिचे पहिले कर्तव्य होय.