रॉड, रीळ आणि रसग्रहण

परीक्षणासाठी आलेले पुस्तक फुकट मिळते, एवढ्या एकाच कारणासाठी मी समीक्षक झालो, असे आमच्या हिचे मत आहे. ते खोडून काढण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही. बँकेतली नोकरी सांभाळून तीस वर्षे मी रविवारच्या पुरवण्यांतून पुस्तकांवर लिहिले. चांगल्याला चांगले म्हटले, वाईटाला ‘लेखकाकडून पुढील काळात अपेक्षा आहेत’ म्हटले. कथा झाल्या, कविता झाल्या, प्रवासवर्णने तर पोत्याने झाली. पण एक सबंध वाङ्मयप्रकार माझ्या नजरेतून निसटला होता. तो गेल्या वर्षी मार्च महिन्यात, टेक्सासमध्ये मुलाच्या घरी, पहाटे तीन वाजता माझ्या हाती लागला.

पहाटे तीनची वेळ मी निवडलेली नव्हती. डॅलसला पहाटेचे तीन वाजतात तेव्हा आपल्या पोटात दुपारचे दीड वाजलेले असतात, आणि पोट हे घड्याळापेक्षा जुने यंत्र आहे. दिवाणखान्यात येऊन वाचायला काही मिळते का ते पाहू लागलो. सुनेची गरोदरपणातल्या आहारावरची पुस्तके होती, ती या वयात माझ्या उपयोगाची नव्हती. त्यांच्याखाली टेलिफोन डिरेक्टरीच्या जाडीचा एक गुळगुळीत ग्रंथ होता. उघडून पाहतो तो मासे पकडायच्या काठ्या आणि रिळे यांचा कॅटलॉग! तोही सगळ्या मासळीसाठी नव्हे. जवळजवळ सबंध ग्रंथ एकाच माशाला वाहिलेला: लार्जमाउथ बास. हिरवट अंग, कुशीवर काळसर पट्टा, आणि जबडा असा की उघडला म्हणजे डोळ्याच्याही मागे जातो. शास्त्रज्ञांच्या हिशेबी हा खरा बास नव्हेच, तो सनफिशच्या कुळातला. पण एकदा नाव रूढ झाले की कुळ कोण विचारतो?

मी कोकणातला. आमच्याकडे मासे पकडायचे साहित्य म्हणजे बांबूची काठी, सुतळी, गरी आणि गांडूळ. पहिल्या तीन वस्तू घरात असत, चौथी परसात. एकूण खर्च, आईची शिवी धरून, दीड आणा. त्यामुळे ‘रॉड’ या विषयावर शंभर पाने असू शकतात हे कळल्यावर माझ्यातला समीक्षक पोटातल्या भुकेसकट जागा झाला. पेन्सिल घेऊन बसलो.

पहिल्याच पानावर एका काठीला ‘सेन्सिटिव्ह’ म्हटले होते. दचकलो. ‘संवेदनशील’ हा शब्द मी तीस वर्षांत किमान दोनशे कवींना वाटला असेन. त्यांतल्या एकानेही आपण नेमके कशाला संवेदनशील आहोत ते सांगितले नव्हते. इथे सांगितले होते. काठी ग्रॅफाइटची आहे. माशाने तोंड लावले, की गळ नुसताच तळाच्या दगडाला घासला, हे दोरीतून काठीत आणि काठीतून तळहातात कळते. फायबरग्लासची काठी तुलनेने ठोंब्या; पण ती सावकाश झुकते, त्यामुळे लाकडाचे किंवा प्लास्टिकचे पोहणारे खोटे मासे ओढताना खऱ्या माशाच्या तोंडातून गळ सहजी हिसकला जात नाही. म्हणजे ठोंब्या असणे हाही एका जागी गुण. ही दृष्टी मला वेळेवर मिळती तर कित्येक कादंबरीकारांवरचा अन्याय टळला असता.

पुढे ‘पॉवर’ आणि ‘ॲक्शन’. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो, आणि ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकते. शेंड्याकडूनच वाकली तर फास्ट, पार मुठीपर्यंत वाकली तर स्लो. संपले! आशय आणि अभिव्यक्ती यांतला फरक सांगायला आम्ही तीन-तीन दिवसांची चर्चासत्रे भरवली, चहापाणी धरून, आणि उठताना प्रत्येक जण निराळेच समजून उठला. या दोन शब्दांनी तर माणसेसुद्धा लावता येतात. आमचे एक मॅनेजर हेवी पॉवर, फास्ट ॲक्शनचे होते: वाकायचे फक्त शेंड्यातून, आणि तेही हेड ऑफिसचा फोन आला तर. मी स्वतः मीडियम लाइट, आणि ॲक्शन अगदी स्लो. ही म्हणते, मुठीपर्यंत.

रिळांच्या प्रकरणात मात्र लेखकाचा तोल गेलेला दिसतो. ७.१ : १ म्हणजे हँडल एकदा फिरवले की आतले रीळ सात वेळा आणि वर थोडे फिरते, इथपर्यंत ठीक. पण मग ६.३ कशासाठी आणि ८.१ कशासाठी, पुढे बेअरिंग्ज ‘१० अधिक १’. हा अधिकाचा एक म्हणजे हँडलला उलटे फिरू न देणारे वेगळ्या जातीचे बेअरिंग. आपल्याकडे आहेराच्या पाकिटात एकशे एक घालतात, तसाच हा शकुनाचा असावा असे मला आधी वाटले होते. मग लोहचुंबकाचे ब्रेक, केंद्रोत्सारी ब्रेक. वाचता वाचता वाटू लागले, ही भाषा ओळखीची आहे. मासेमारीची नव्हे, घड्याळजीच्या दुकानातली.

सकाळी मुलाला हे सांगितले तर तो खूश झाला. म्हणाला, “बाबा, बरोबर ओळखलंत!” एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीत जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने दातेरी चाके बसवून रीळ केले, तिथून अमेरिकन रिळाचा वंश सुरू होतो. स्वीडनमधली आबू ही प्रसिद्ध रीळ कंपनी १९२१ साली निघाली तीच मुळी घड्याळांचा कारखाना म्हणून. आणि ओक्लाहोमातल्या टल्सा गावी तेलविहिरींसाठी टाइमबाँब करणारी ‘झीरो अवर बाँब कंपनी’ होती. तिच्या दारात १९४७ साली टेक्सासचा एक घड्याळजी आपल्या रिळाची कल्पना घेऊन गेला. १९४९ पासून कंपनीने रिळे काढली, ती खपली, आणि बाँबवाल्या नावाची आद्याक्षरे जुळवून झाले ‘झेबको’. म्हणजे वेळ मोजणाऱ्यांनी वेळ घालवायचे यंत्र बनवले.

आता या ग्रंथाचे परंपरेतले स्थान. मत्स्यवाङ्मयाचे आद्य पुरुष आयझॅक वॉल्टन. त्यांचे ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ सालचे. मी ते कॉलेजात असताना, मासे सोडून बाकीच्या गोष्टींसाठी वाचले होते, आणि त्यात मासे सोडून बाकीचे पुष्कळ आहे: पाऊस, गाणी, गप्पा, मासा शिजवायच्या कृती. दोन माणसे चालत, बोलत नदीवर जातात आणि पुस्तकाला कुठेही घाई नाही. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १८८१ साली, हेन्शल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने खास बासवर भलेथोरले पुस्तक लिहिले. त्यात माशाचे शास्त्र आहे, पकडण्याची कला आहे, आणि मधला मोठा हिस्सा साधनांचा आहे. माझ्या मते घसरण तिथे सुरू झाली. वॉल्टनकडे नदी होती आणि काठी तिच्या काठी होती. हेन्शलकडे दोघींचे समसमान चालले होते. या कॅटलॉगात नदी गेली आणि काठी राहिली.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. शेकडो पानांच्या ग्रंथात एकही मनुष्य नुसता बसलेला नाही. चित्रातल्या प्रत्येकाच्या हातात मासा आहे, किंवा काठी वाकलेली आहे. मासा न मिळालेला एक तरी गृहस्थ, होडीत सँडविच खाताना? नाही. भूतकाळ नाही, हवामान नाही, ‘कदाचित’ हा शब्द नाही. वर्णनशैली काटेकोर, शब्दकळा नेमकी, पण घड्याळजींच्या या वंशजांनी वेळ तेवढा वगळला. आणि तो वगळला तो चुकून नव्हे. ज्याच्याजवळ वेळ आहे त्याला दीड आण्याची काठी पुरते. कॅटलॉग लिहिला आहे तो ज्याच्याजवळ वेळ नाही त्याच्यासाठी.

असा वाचक घरातच होता. सुनेने मला गॅरेज उघडून दाखवले: नऊ रॉड भिंतीला ओळीने उभे. “बाबा, वर्षाकाठी किती वेळा जातो विचारा,” ती म्हणाली. मी विचारले नाही. रात्री साडेनऊला ऑफिसच्या मीटिंगा घेणारा मुलगा, अकरा वाजता हा ग्रंथ मांडीवर घेऊन बसलेला मी पाहिला होता. बारीक आवाजात बायकोला काठीचे वर्णन वाचून दाखवत होता, आणि ती झोपली होती. मला पाहून थांबला. म्हणाला, “बाबा, दहावा घ्यायचा म्हणतोय. मीडियम घेऊ की मीडियम हेवी?”

मी म्हणालो, “उद्या बघू.” समीक्षकाचे हे जुने उत्तर.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. हा मुलगा दहावीत असताना त्याने एक कविता केली होती. वही माझ्या टेबलावर ठेवून दाराशी उभा राहिला. मी लाल पेन्सिलीने समासात लिहिले, ‘प्रतिमा उसन्या. पुढील काळात अपेक्षा आहेत.’ विनोद म्हणून लिहिले होते, निदान आज मी तसे म्हणतो. पुढे तो इंजिनिअर झाला. माझ्या परीक्षणाचा इतका ठाम परिणाम झालेला दुसरा लेखक मला माहीत नाही.

त्या शनिवारी त्याने मीटिंग रद्द केली आणि मला लेक फोर्कवर नेले. डॅलसच्या पूर्वेला दीड तासावर हा तलाव आहे. १९८० साली बांध घालून केलेला. पाणी भरताना पुष्कळशी झाडे तशीच उभी ठेवली, म्हणून मैलोनमैल पाण्यातून नुसती वाळकी खोडे वर आलेली दिसतात. आपल्याकडे उजनीचे पाणी उतरले म्हणजे पळसदेवच्या देवळाचे शिखर दिसते, त्याची आठवण झाली. ही झाडे बासचे घर. आणि गळ झाडात अडकू नये म्हणून त्याचे टोक प्लास्टिकच्या गांडुळाच्या पोटात लपवायचे, याला टेक्सास रिग म्हणतात. गांडूळ जांभळे होते. मी कोकणातल्या गांडुळांची मनोमन क्षमा मागितली.

टेक्सास सरकारने मला एक दिवस निवांत बसण्याचा रीतसर परवाना दिला होता. तरी मी काठी फेकून पाहिली. जांभळे गांडूळ हवेतच मंदावले, रीळ आत फिरतच राहिले, आणि क्षणात त्यावर सुगरणीचे घरटे तयार झाले. अंगठा वेळेवर टेकवायचा असतो, ही गोष्ट दहा अधिक एक बेअरिंगांपैकी एकालाही माहीत नव्हती. लहानपणी फिरकीवरच्या मांजाचा असा गुंता झाला की आम्ही दातांनी तोडायचो. मुलाने काठी घेतली, रिळावर अंगठा दाबून हँडल चार वेढे फिरवले, दोरी ओढली, पुन्हा दाबले, पुन्हा ओढली. वीस मिनिटे. दुसऱ्यांदा गुंता केला तेव्हा पंधरा. तिसऱ्यांदा माझे गांडूळ पंचवीसएक फुटांवर पाण्यात पडले. तो म्हणाला, “बरं होतं की, बाबा.” समासात काही लिहिले नाही.

अधूनमधून बोलत होता. या दिवसांत नर मासा उथळ पाण्यात शेपटीने तळ साफ करून घरटे करतो; मादी अंडी घालून जाते, आणि मग पिल्ले मोठी होईतो तोच पहारा करतो. १९८६ साली याच तलावात एकाला पावणेअठरा पौंडांची मादी सापडली. तिचे नाव एथेल. पुढे ती मत्स्यालयात राहिली, आणि १९९४ साली गेली तेव्हा लोकांनी तिच्यासाठी शोकसभा भरवली. आमच्याकडे समीक्षकांच्या शोकसभेला किती लोक असतात ते मी त्याला सांगितले नाही.

दुपारी त्याच्या काठीचा शेंडा एकदम खाली गेला. मासा वर आला, उसळला, पुन्हा झाडांत घुसू पाहत होता. काठी मधेपर्यंत वाकली होती आणि मुलगा दहावीतल्यासारखा ओरडत होता. पट्टीवर मोजला: साडेसतरा इंच. माझ्या तोंडाला पाणी सुटले, आणि त्याने तो परत तलावात सोडला!

“अरे! सोडलास?”

“सोळा ते चोवीस इंचांतला इथे ठेवता येत नाही, बाबा. कायदा आहे. आणि तसाही मी सोडतोच.”

पकडलेला मासा जिवंत परत सोडायची ही रीत स्पर्धांतून रूढ केली रे स्कॉट नावाच्या गृहस्थाने, १९७२ च्या सुमाराला. आमच्या गावी हा मनुष्य एक दिवस टिकला नसता.

संध्याकाळी घरी आलो. हिने विचारले, “काय आणलंत?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. जेवणे झाली. साडेनऊला त्याचा फोन वाजला, तो त्याने पालथा घातला आणि कॅटलॉग घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. “सांगा ना. मीडियम की मीडियम हेवी?”

मी चष्मा लावला. मग काढून ठेवला.

“असं नाही कळायचं,” मी म्हणालो. “वाच बघू. पहिल्या पानापासून. मोठ्याने.”