साखरखेर्ड्याचा जेता आणि एक चरित्रकोश

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे १७२४ साली निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. खान रणात पडला. जेत्याने त्याचे शिर दिल्लीस धाडले. मात्र गोवळकोंडा अडवून बसलेल्या त्याच्या पुत्राला मानमरातब देऊन वळवून घेतले.

पुढे निजामाच्याच घराण्याचा दिवाण झालेल्या शाहनवाजखानाने ‘मआसिर-उल-उमरा’ या फारसी चरित्रकोशात पराभूत मुबारिजखानाला स्वतंत्र स्थान दिले, हे ग्रंथाचे मोठेपण होय. परंतु कोश उमरावांचा. सामान्य शिपायाला त्यात चरित्र नाही. म्हणून वाचकाने स्वतःच विचारावे: किल्ला हाती असलेल्याला मिळाले ते अभय क्षमा म्हणावे की सौदा? जेत्याच्या औदार्याची कसोटी, ज्याच्यापाशी देण्यासारखे काहीच उरले नाही, त्याच्यापाशीच लागते.