भिंतीवरचा नकाशा आणि विमानाची वाट

‘या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत अंतर किती? ताशी ९०० किलोमीटर वेगानं जायला वेळ किती लागेल?’ हे उदाहरण वर्गात नेहमी घातलं जातं. मुलं जगाच्या नकाशावर पट्टी ठेवतात, भागाकार करतात आणि पूर्ण गुण मिळवतात. पण या रीतीत दोन खोटी आहेत. एक नकाशात, दुसरी भागाकारात.

दिल्ली आणि सान फ्रान्सिस्को घेऊ. अनेक वर्गांत मर्केटरच्या पद्धतीचा नकाशा असतो. १५६९ साली तो खलाशांसाठी तयार झाला. त्यावरच्या सरळ रेषेत होकायंत्राची दिशा बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्यासाठी ध्रुवांकडचा भाग ताणावा लागतो, म्हणून सरळ रेषा म्हणजे सर्वांत जवळची वाट नव्हे. आपली पट्टी अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक असं करत जाते. ही वाट १८ हजार किलोमीटरहून जास्त भरते.

आता पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. दोरा सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागराला स्पर्श करतो, सुमारे ७५ अंश उत्तरेपर्यंत जातो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर तो साधारण २९ सेंटिमीटर भरेल. एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणजे अंतर १२,४०० किलोमीटरच्या आसपास.

मग विमानं या दोऱ्यावरूनच जातात का? नाही. वाटेत तिबेटचं पठार आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला सुमारे ३ किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं. इथे जमीनच त्याहून उंच!

दुसरी खोट वाऱ्याची. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सान फ्रान्सिस्को विमान पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १५,३०० किलोमीटर, वेळ सुमारे साडेचौदा तास. आधीची अटलांटिकवरची वाट जवळजवळ १,४०० किलोमीटरनं कमी असूनही तिला सुमारे दोन तास जास्त लागत. भागाकार करून पाहा : पॅसिफिकवर सरासरी वेग ताशी हजाराच्या वर जातो. हा वेग जमिनीच्या सापेक्ष आहे. हवेच्या सापेक्ष विमान ९०० च्या आसपासच चालत होतं. उरलेला वेग पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट स्ट्रीमचा. अटलांटिकच्या वाटेवर तोच वारा समोरून येतो.

नकाशा फेकून द्या, असं म्हणणं नाही. खलाशाचं साधन आपण फूटपट्टीसारखं वापरतो, एवढीच तक्रार आहे. उदाहरण जरूर घालावं, पण प्रश्न तीन करावेत : गोलावरचं अंतर किती? विमानाची खरी वाट कोणती? वारा कुठून? आणि ‘वारा नाही असं धरलं’ हे वाक्य जो मुलगा किंवा मुलगी उत्तरात लिहील, तिथे एक गुण जास्त द्यावा.