आवड, सवय आणि बाहेरचं दार : अँड्रॉइड आणि आयफोनची समीक्षा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर हा विषय वाचून काहींनी मनात म्हटलं असेल, की हा काय समीक्षेचा विषय झाला? कादंबरीची समीक्षा असते, नाटकाची असते. फोनची कसली समीक्षा? पण आम्हाला वाटतं, की जी वस्तू आपण सकाळी डोळे उघडल्यावर पहिली हातात घेतो आणि रात्री सगळ्यात शेवटी खाली ठेवतो, तिच्याकडे जरा टीकेच्या नजरेनं बघायला हवं. आज बोलायचंय ते फोनच्या डब्याबद्दल नाही, आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल. म्हणजे एकीकडे गुगलची अँड्रॉइड आणि दुसरीकडे ॲपलची आयओएस.

यावरचे वाद आपण कट्ट्यावर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकतो. एक म्हणतो, "तुमचा फोन दोन वर्षांत रडायला लागतो." दुसरा म्हणतो, "तुमच्यात साधं काही करायचं तरी कंपनीची परवानगी लागते." दोघंही आपापल्या घराण्याचा अभिमान सांगितल्यासारखं बोलतात. शेवटी कोणीतरी समजूतदारपणे म्हणतं, "जाऊ दे, ज्याची त्याची आवड." आणि वाद मिटतो. आमचं आजचं सगळं म्हणणं या शेवटच्या वाक्याविरुद्ध आहे. ही नुसती आवड नाही. आवडीच्या नावाखाली किंमत, भाषा, सवय आणि अडकलेपण अशा चार वेगळ्या गोष्टी आपण एका पिशवीत भरतो. समीक्षकाचं काम ती पिशवी उघडायचं.

अशा तुलनेची परंपरा जुनी आहे. १९९४ मध्ये उम्बेर्तो एको या इटालियन लेखकानं आपल्या साप्ताहिक सदरात गमतीनं मांडलं होतं, की मॅकिंटॉश संगणक कॅथलिक आहे आणि मायक्रोसॉफ्टची डॉस प्रोटेस्टंट. एक भक्ताला हात धरून नेतो, दुसरी त्याला स्वतःच अर्थ लावायला सांगते. उपमा झकास आहे, तीस वर्षांनंतरही लोक ती आठवतात. पण अशा उपमांत एक गोम असते. दोन्ही बाजूंना जणू तत्त्वज्ञान आहे असं वाटायला लागतं आणि धंदा दिसेनासा होतो. म्हणून आपण धंद्यापासून सुरुवात करू.

९ जानेवारी २००७ रोजी ॲपलनं आयफोन जगापुढे आणला. अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी गुगलनं त्याआधीच, २००५ मध्ये, विकत घेतलेली होती. नोव्हेंबर २००७ मध्ये गुगलनं फोन बनवणाऱ्या आणि इतर कंपन्यांची एक युती जाहीर केली आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. ॲपल वस्तू विकते. फोन, त्यातली सिस्टिम आणि ॲपचं दुकान, तिन्ही एकाच मालकाची. गुगल सिस्टिम फुकट देते, कारण तिची मुख्य कमाई जाहिरातींतून होते. जितक्या जास्त हातांत फोन, तितका जास्त शोध, तितक्या जास्त जाहिराती. आता बघा, आपण ज्याला या दोघींचा 'स्वभाव' म्हणतो तो बहुतेक सगळा इथूनच येतो. आयफोन महाग का, नीटनेटका का, हट्टी का? अँड्रॉइड सात-आठ हजारांतही का मिळतो, प्रत्येक कंपनीचा वेगळा का दिसतो, त्यात नको ती ॲप्स आधीच भरलेली का असतात? उत्तर कलेत शोधू नका, हिशेबाच्या वहीत शोधा.

मग या दोन कृती जोखायच्या कशा? आम्ही तीन निकष घेतले आहेत : आयुष्य, भाषा आणि दार.

पहिला निकष आयुष्याचा. फोन किती वर्षं सुरक्षित राहतो? इथे आयओएस बराच काळ सरळ पुढे होती. २०१५ चा आयफोन ६एस घ्या. त्याला २०२१ ची आयओएस १५ मिळाली. सहा वर्षं! त्याच काळातल्या स्वस्त अँड्रॉइड फोनला एखादं मोठं अपडेट मिळालं तरी नशीब. कारण गुगलनं सुधारणा केली की ती आधी फोन बनवणाऱ्या कंपनीकडे जाते, ती कंपनी आपल्या मॉडेलसाठी ती बसवणार, आणि जुन्या मॉडेलवर मेहनत करण्यात तिला काही मिळत नाही. अलीकडे चित्र बदललं. २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या गॅलक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं गेलं. उत्तम. पण हे महागडे फोन आहेत. म्हणजे अँड्रॉइड सगळ्यांना दार उघडते हे खरं, पण आत आल्यावर छप्पर प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे. ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्या फोनमधून बँकेचे व्यवहार मात्र तेवढेच होतात. ही त्रुटी आम्हाला गंभीर वाटते.

आयओएसचीही बाजू पूर्ण स्वच्छ नाही. जुनी बॅटरी झालेले आयफोन ॲपल मुद्दाम संथ करते, हे डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीला कबूल करावं लागलं. कारण तांत्रिक होतं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. पण वापरणाऱ्याला सांगितलं नव्हतं. कित्येकांनी 'फोन म्हातारा झाला' असं समजून नवा घेतला असेल, जिथे नवी बॅटरी पुरली असती. मालक काळजी घेतो, पण विचारत नाही, हा आयओएसचा जुना दोष.

दुसरा निकष भाषेचा. मराठी माणसानं तरी हा निकष सोडू नये. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठी मजकूर उघडला की अनेकदा नुसत्या चौकटी दिसायच्या, किंवा वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे. आयफोनवर देवनागरी त्या मानानं नीट दिसायची. पण पुढे गणित उलटलं. २०१४ च्या अँड्रॉइड लॉलीपॉपमध्ये फोनची स्वतःचीच भाषा मराठी करण्याची सोय आली. २०१७ मध्ये गुगलनं मराठीत बोलून टाइप करायची सोय दिली. ज्यांना कीबोर्डवर जोडाक्षरं शोधणं जमत नव्हतं, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. आयफोनवर मराठी कीबोर्ड होता, पण लॉलीपॉपनंतरही कित्येक वर्षं अख्खा फोन मराठीत करता येत नव्हता. शिवाय अँड्रॉइड मोकळी असल्यामुळे दुसरं कोणीही त्यावर काम करू शकत होतं. मुंबई आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी अँड्रॉइडवरच 'इंडस ओएस' बांधली आणि २०१५ पासून ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर भारतीय भाषांत मिळू लागली. आयओएसबाबत असा प्रयोग करायची कोणाला मुभाच नाही. मालकाला सुचेपर्यंत थांबायचं.

पण थांबा, निकाल इतका सोपा नाही. फेब्रुवारी २०१८ मधली एक घटना सांगतो. तेलुगूतलं एक जोडाक्षर, 'ज्ञा', एका विशिष्ट रीतीनं लिहून आयफोनवर पाठवलं की मेसेजचं ॲप कोसळायचं. 'ज्ञान'मधला ज्ञ आणि त्यानं जगातला सगळ्यात मिजासखोर फोन आडवा पडावा! आपल्या लिप्यांची चाचणी किती वरवरची होते ते यातून दिसलं. आता दुसरी बाजू बघा. काही दिवसांत ॲपलनं दुरुस्ती काढली आणि ती एकाच वेळी जगभरच्या आयफोनना उपलब्ध झाली. हाच घोटाळा अँड्रॉइडमध्ये झाला असता, तर तीन वर्षांपूर्वीच्या स्वस्त फोनपर्यंत दुरुस्ती पोचली असती का? बहुधा नाही. म्हणजे एकीनं आपली भाषा आधी घरात घेतली, दुसरी घरात घेतलेल्यांची डागडुजी वेळेवर करते. आपल्याला दोन्ही हवं आहे, आणि मिळतं एकेकच.

इथे कोणी विचारेल, "आणि खासगीपणाचं काय? तिथे तर ॲपल चांगली ना?" काही प्रमाणात हो. २०२१ च्या एप्रिलपासून आयफोनवरच्या ॲपला, तुमचा माग काढू का, असं विचारावं लागतं. ही सुधारणा खरी आहे. पण अमेरिकेतल्या गुगलविरुद्धच्या खटल्यात काय बाहेर आलं? आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलं सर्च इंजिन पहिलं असावं म्हणून गुगलनं एकट्या २०२२ सालात ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. आपण कट्ट्यावर ज्यांच्या नावानं भांडतो, त्यांचे आपसात असे घरोब्याचे व्यवहार आहेत. साधू आणि चोर अशी विभागणी करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता तिसरा निकष, दार. हा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आत येण्याचं दार दोघींचंही मोठं आहे. प्रश्न बाहेर पडण्याच्या दाराचा.

अमेरिकेत आयफोनवाल्याचा आयफोनवाल्याला गेलेला मेसेज निळा आणि अँड्रॉइडवाल्याला गेलेला हिरवा दिसतो. शाळकरी मुलं या हिरव्या रंगावरून एकमेकांना चिडवतात. हे आपोआप झालं का? ॲपलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा २०१३ चा ईमेल पुढे कोर्टात आला. त्यातली भीती अशी, की आपली मेसेज सेवा अँड्रॉइडवर दिली तर आयफोन वापरणारी कुटुंबं मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देतील. म्हणजे आपण ज्याला आवड म्हणतो, ती कोणीतरी बैठकीत बसून ठरवलेली असते.

"पण आपल्याकडे सगळे व्हॉट्सॲपवर आहेत, इथे निळं-हिरवं कुठलं?" बरोबर. आपल्याकडे अँड्रॉइडचा वाटा शंभरात नव्वदहून जास्त आहे. पण आपलं दार वेगळ्या जागी अडकलं होतं. २०२१-२२ पर्यंत एका सिस्टिमवरचा व्हॉट्सॲपचा जुना संवाद दुसरीवर नेण्याची अधिकृत सोयच नव्हती. विचार करा, एखाद्या घरात गेलेल्या आजोबांचे आवाजी निरोप त्या संवादात आहेत. फोन बदलायचा तर ते सोडायचे! अशा वेळी माणूस आहे त्याच कंपनीचा फोन पुन्हा घेतो आणि लोकांना सांगतो, "मला हाच आवडतो." ही आवड नव्हे, मित्रहो. ही ताटातूट नको म्हणून केलेली तडजोड आहे.

आणि दारं उघडली कोणी? ग्राहकांच्या आवडीनं? नाही, बहुतेक वेळा कायद्यानं. अँड्रॉइडवरून युरोपीय आयोगानं २०१८ मध्ये गुगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. भारताच्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गुगलनं भारतासाठी बदल जाहीर केले : फोन बनवणाऱ्यांना गुगलची ॲप्स सुटी घेता येतील, वापरणाऱ्याला सर्च इंजिन निवडता येईल. युरोपनं एकसारख्या चार्जरचा कायदा केला आणि २०२३ च्या आयफोन १५ ला टाइप-सी आलं. मार्च २०२४ पासून युरोपात आयफोनवर दुसऱ्यांची ॲपची दुकानंही उघडता येतात. सुरुवातीला फक्त युरोपात हं! म्हणजे तंत्र अशक्य नव्हतं, इच्छा नव्हती.

यावर एक आक्षेप असा, की इतकं कशाला बघायचं, नाही आवडलं तर तिसरा फोन घ्या. कुठला? ब्लॅकबेरी, सिम्बियन, विंडोज फोन, सगळे गेले. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीलाही जमलं नाही, कारण ॲप नाहीत म्हणून ग्राहक नाहीत आणि ग्राहक नाहीत म्हणून ॲप नाहीत. ताटात दोनच पदार्थ असताना 'ज्याची त्याची आवड' म्हणणं फार धाडसाचं आहे.

आता आम्हाला कोणी विचारेल, की तुमचा कौल कोणाला? समीक्षकानं कौल टाळू नये. भाषेच्या आणि मोकळेपणाच्या निकषावर आम्ही अँड्रॉइडला वर ठेवतो. आयुष्याच्या निकषावर आयओएसला. दाराच्या निकषावर दोघीही नापास, पण अँड्रॉइडच्या भिंतीत खिडक्या जास्त आहेत. दुसऱ्या दुकानातून ॲप घेता येतं, फोनची कंपनी बदलली तरी सिस्टिम बदलावी लागत नाही. म्हणून एकूण आमचं झुकतं माप अँड्रॉइडला, मात्र ज्या फोनच्या अपडेटची मुदत कंपनीनं स्पष्ट लिहून दिली आहे त्यालाच. आणि घरातल्या वयस्कर माणसासाठी फोन घेताना हे सगळं बाजूला ठेवा. अडलं की ज्याला हाक मारणार, त्या मुलाकडे किंवा सुनेकडे जी सिस्टिम आहे तीच त्यांना घेऊन द्या. तिथे शेजारी बसून दाखवणारं माणूस हाच सगळ्यात मोठा निकष.

पुढच्या वेळी दुकानात जाल, तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारून झालं की आणखी तीन प्रश्न विचारा. या फोनला अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळणार? हा पूर्ण मराठीत चालतो का, मराठीत बोललेलं लिहितो का? आणि उद्या हा सोडायचा झाला, तर माझे फोटो, माझे संवाद, माझे नंबर कसे बाहेर काढायचे? विक्रेत्याला तिसऱ्याचं उत्तर बहुधा देता येणार नाही. तरी विचारा. गिऱ्हाईक हे विचारतात असं कळलं, की कंपन्यांनाही त्याचं उत्तर तयार ठेवावं लागेल.