रामबाण आणि राजमुद्रा : व्हिक्टोरियाकालीन पेटंट औषधांच्या जाहिरातींचे गद्य

मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण ‘दर्पणा’पासून (१८३२) आरंभ करतो, मिशनऱ्यांचे वाङ्मय व शालेय पुस्तके यांचा परामर्श घेतो आणि १८७४ साली निघालेल्या ‘निबंधमाले’पाशी येऊन स्थिरावतो. त्याच काळातील वृत्तपत्रांच्या शेवटच्या पानांवर औषधांच्या जाहिरातींचे जे गद्य अवतरले, त्याची दखल या इतिहासात नाही. वाङ्मयेतिहासकाराने ही पाने न वाचता उलटावीत यात नवल काहीच नाही. तथापि वाचकाचे मन वळविणे हे ज्या गद्याचे एकमेव प्रयोजन आहे, आणि निबंध न वाचणाऱ्याही साक्षराने जे वाचले असणे संभवनीय आहे, ते गद्य निव्वळ अशिष्ट म्हणून सोडून देणे चिकित्सेच्या दृष्टीने परवडणारे नाही. या गद्याचे मर्म एका विसंगतीत आहे. औषधात काय आहे हे लपवावयाचे आणि लपविण्याच्याच बळावर विश्वास संपादन करावयाचा. ही युक्ती विलायतेतून आली; मराठीत येताच तिने निराळा आश्रय शोधला. तो कोणता, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम नावाविषयी. ‘पेटंट औषध’ हे नाव मुळातच फसवे होय. पेटंट मिळविणाऱ्यास आपली कृती सरकारदरबारी प्रकट करावी लागते. या औषधांच्या मालकांस नेमके तेच नको होते. तेव्हा बहुतेक औषधांना पेटंट नव्हते. होती ती केवळ एक तिकिटाची पट्टी. इंग्लंडात १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांककर बसविण्यात आला आणि तो १९४१ पर्यंत चालू राहिला. एक शिलिंगाच्या डबीवर दीड पेनी कर पडे. म्हणूनच जुन्या जाहिरातींत ‘एक शिलिंग दीड पेनी’ ही चमत्कारिक किंमत पुनःपुन्हा आढळते. कर वसूल करण्यासाठी चिकटविलेली ती सरकारी पट्टी भाबड्या गिऱ्हाइकास राजमान्यतेची मुद्रा वाटे, आणि हा गैरसमज दूर करण्याची कोणाही विक्रेत्यास घाई नव्हती.

इंग्लंडातील या वाङ्मयाचा विस्तार अफाट आहे. टॉमस हॉलोवे याने १८३७ मध्ये मलम व गोळ्या विकण्यास आरंभ केला. १८४२ च्या सुमारास तो जाहिरातींवर वर्षास पाच हजार पौंड खर्च करी, आणि १८८३ साली तो वारला तेव्हा हा आकडा पन्नास हजारांच्या घरात गेला होता. त्याआधीच्या मॉरिसनच्या गोळीने तर एका थोर निबंधकारास रूपक पुरविले. कार्लाइलने ‘पास्ट अँड प्रेझेंट’ (१८४३) या ग्रंथातील एका प्रकरणास ‘मॉरिसनची गोळी’ हेच नाव दिले. एखादा कायदा वा एखादा उपाय गिळला की समाजाचे सारे दुखणे बरे होईल, या समजुतीवर त्याचा रोख होता. आपल्याकडे ‘रामबाण उपाय’ हा शब्दप्रयोग औषधाच्या बाटलीवरही चालतो आणि अग्रलेखातही चालतो. त्यात कोणास विरोध जाणवत नाही. कार्लाइलला जी थट्टेची वस्तू वाटली ती आपल्या गद्याने गंभीरपणे स्वीकारली, असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदुस्थानच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय उदाहरण क्लोरोडाइनचे. जॉन कॉलिस ब्राउन हा येथील लष्करातील शल्यवैद्य. १८४८ च्या सुमारास पटकीवर उपाय म्हणून त्याने हे मिश्रण तयार केले आणि १८५६ पासून लंडनच्या डॅव्हनपोर्टमार्फत ते बाजारात आले. अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म ही त्यातील मुख्य द्रव्ये. भांगेचा औषधी उपयोग १८३९ साली कलकत्त्याच्या ओशॉनेसीने इंग्रज वैद्यांच्या ध्यानी आणून दिला होता. म्हणजे अफू आणि भांग ही आपल्या परिचयाची दोन द्रव्ये विलायतेस जाऊन, नवे नाव धारण करून, मुद्रांकासह परत आली! १८६४ मध्ये फ्रीमन नामक प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या खटल्यात न्यायाधीश पेज वुड यांनी ब्राउन हाच खरा संशोधक असल्याचे म्हटले. हे न्यायालयीन उद्गार पुढे कित्येक दशके जाहिरातीत छापले जात होते. सोबत परराष्ट्रमंत्री अर्ल रसेल यांच्या नावाचाही हवाला असे. येथे जाहिरातीची रचना उघडी पडते. औषध कोणी केले हे न्यायालय सांगते. ते गुणकारी आहे असे मंत्र्याच्या नावाने सांगितले जाते. त्यात काय आहे हे मात्र कोणीच सांगत नाही. दोन प्रश्नांची ठळक उत्तरे देऊन तिसरा विसरावयास लावणे, हेच या गद्याचे कौशल्य.

हे गद्य कोकणात पोचले ते टपालाच्या पाठीवर. १८७७ च्या अखेरीस ‘व्हॅल्यू पेएबल’ची, म्हणजे माल हाती पडताना पैसे चुकते करण्याची सोय झाली, १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड निघाले, १८८० मध्ये मनीऑर्डरीचे काम टपालखात्याकडे आले. या तीन वर्षांचे महत्त्व औषधांच्या व्यापारात कोणत्याही रसायनापेक्षा अधिक आहे. भाट्यासारखे गाव घ्यावे. खाडीच्या एका अंगास राजिवडा व रत्नागिरी शहर, दुसऱ्या अंगास भाट्ये, मध्ये तर. मुंबईची आगबोट पावसाळ्यात बंद, आणि हिवतापाचा जोर नेमका त्या सुमारासच. अशा ठिकाणच्या वाचकास मुंबईच्या दुकानदाराचे तोंड कधी दिसणार नव्हते. म्हणूनच जाहिरातीला तोंडाची जागा घ्यावी लागली. मालकाची सही, शिक्का, तसबीर, ‘नकली मालापासून सावध राहा’ हा इशारा, अखेरीस ‘ट. ह. निराळे’ — हे सारे या अंतरातून उद्भवले. नकलेविषयीची ती अखंड चिंता अगदीच खोटी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. हिंदुस्थानात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १९४० पर्यंत नव्हता. १८८९ चा मालचिन्हांचा कायदा होता, पण त्यात नोंदणी नव्हती. नाव हीच ज्याची मालमत्ता, त्याने नावाचा पहारा स्वतःच करावा लागे.

आता मराठी जाहिरातीचे वैशिष्ट्य. इंग्रजी जाहिरात डॉक्टरास दूर सारते. मराठी जाहिरात वैद्याची भाषा घेते आणि वैद्यास दूर सारते. हा भेद सूक्ष्म असला तरी निर्णायक आहे. आयुर्वेदात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. जाहिरातीने त्यांतील ‘रूप’ तेवढे उचलले, म्हणजे लक्षणांची यादी. ती यादीही अशी ऐसपैस की अंग मोडून येणे, भूक मंदावणे, उत्साह नसणे, यांपैकी एखादे लक्षण प्रत्येकास स्वतःच्या ठायी सापडावे. रोगी जाहिरातीने निर्माण केला म्हटले तरी चालेल. मग अनुपान गेले, किंवा ‘दूध अथवा पाणी’ इतके उरले. पथ्य गेले, उलट पथ्याची जरूर नाही हा गुण म्हणून सांगितला जाऊ लागला. कोकणातील घरात सहाणेवर बाळकडू उगाळून देणारी वृद्ध स्त्री कोणत्या मुळीचे किती वेढे द्यावयाचे हे मुलाकडे पाहून ठरवी. तिचे ज्ञान मर्यादित असेल, क्वचित घातकही असेल. पण ते एका विशिष्ट मुलाविषयीचे होते. बाटलीवरील मजकूर कोणाही विशिष्ट माणसाविषयी नसतो. तरीही ‘शास्त्रोक्त’, ‘अनुभवसिद्ध’, ‘ऋषिप्रणीत’ या शब्दांनी तो एका परंपरेचा वारसा सांगतो. विलायती जाहिरात गुपितावर राजमुद्रेचे पांघरूण घालते. मराठी जाहिरात त्यावर ग्रंथाचे घालते.

गुप्ततेचा हा मोह केवळ दुकानदारांपुरता होता असे समजणे चूक ठरेल. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीतील पदवीधर, प्राच्यविद्येचे व्यासंगी, आधुनिक विद्येचे अध्वर्यू. त्यांनी कुष्ठरोगावर कडूकवठाच्या तेलाचा उपचार केला. हे झाड कोकणच्या रानांतले. परंतु औषध कोणते हे त्यांनी दीर्घकाळ गुप्त ठेवले आणि त्याबद्दल समव्यवसायींची टीका ओढवून घेतली. पुरेशी परीक्षा झाल्यावाचून उपाय जाहीर करणे धोक्याचे, अशी बाजू त्यांच्या वतीने मांडता येते, आणि ती पोकळ नाही. शिवाय औषध फसवे नव्हते. या वर्गातील तेले १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर कुष्ठरोगावर वापरली जात होती. तथापि प्रश्न औषधाच्या खरेपणाचा नाही. १८७४ मध्ये मृत्यू पावलेल्या या विद्वानाच्या आचरणात वैद्याचे घराण्यातील गुपित आणि शास्त्रज्ञाचे प्रकटीकरण या दोन नीती एकमेकींसमोर उभ्या आहेत. जाहिरातदारांनी या संघर्षाचा सोपा निकाल लावला : गुपित वैद्याचे, प्रतिष्ठा शास्त्रज्ञाची.

या जाहिरातींचे मूल्यमापन सामान्यतः दोन प्रकारे होते. एक पक्ष त्यांत स्वदेशी उद्योगाचा उदय पाहतो. १८७२ साली पनवेलीस वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी आरंभिलेली श्रीधूतपापेश्वर ही संस्था, किंवा १८९३ मध्ये मुंबईत निघालेले अमृतांजन, ही त्याची उदाहरणे. दुसरा पक्ष सर्वच लबाडी म्हणून मोकळा होतो. दोन्ही पक्ष एक भेद विसरतात. ग्रंथात पाठ दिलेले औषध कारखान्यात बनविणे वेगळे आणि पाठ न सांगता ग्रंथाचे नाव घेणे वेगळे. पहिल्यात वैद्य हवा असल्यास पाठ ताडून पाहू शकतो. (धूतपापेश्वर हे नाव ऐकून कोकणी माणसास राजापूरनजीकच्या धोपेश्वराचे स्मरण होते, औषधाच्या कारखान्यास पापे धुणाऱ्या देवाचे नाव असावे हे औचित्यही रम्य आहे.) अमृतांजनाची कथा आणखी बोधक. त्याचे जनक काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १९०८ मध्ये मुंबईतच ‘आंध्रपत्रिका’ सुरू केली. वृत्तपत्रांच्या आधाराने औषध वाढावे हा सर्वत्रचा क्रम. येथे औषधाच्या आधाराने वृत्तपत्र जन्मले. ज्या पानावर बुद्धिवादाचा पुरस्कार होत असे त्याचा खर्च पुष्कळदा शेवटच्या पानाने उचलला, ही गोष्ट आपल्या पत्रकारितेच्या इतिहासाने अधिक मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

या वाङ्मयावरील सर्वोत्तम टीका साहित्यिकांनी लिहिलेली नाही. जाहिरातीचा शब्द शब्दशः घेतला तर काय होते हे १८९२ मध्ये कार्लिल बाईंच्या खटल्यात दिसले. कार्बोलिक धुराचा गोळा वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास शंभर पौंड देऊ, त्यासाठी बँकेत हजार पौंड ठेवले आहेत, असे कंपनीने छापले होते. न्यायालयाने ते वचनच मानले. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सीक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक काढले. त्याची पद्धत निर्विकार : आधी जाहिरातीचा दावा, मग पृथक्करण, मग घटकांची किंमत. ‘डबी गिनीच्या मोलाची’ म्हणून गाजलेल्या बीचमच्या गोळ्यांत काळा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. साडेतेरा पेनीच्या डबीतील द्रव्यांची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. यांतील बोळ आणि सुंठ कोकणातील कोणत्याही आजीच्या बटव्यात मिळाली असती. नवीन तो साबण. अनेक वृत्तपत्रांनी या पुस्तकाची जाहिरात घेण्याचेच नाकारले. त्याच वर्षी आलेल्या एच. जी. वेल्सच्या ‘टोनो-बंगे’ या कादंबरीचा विषयही असेच एक टॉनिक. परंतु वेल्सला जाहिरातदार काकाचा लोभ सुटत नाही. त्याचा उपहास अखेरीस कौतुकात विरघळतो. रसायनज्ञांच्या कोरड्या तक्त्यास हा मोह नव्हता. पार्लमेंटच्या चौकशी समितीचा अहवाल १९१४ च्या ४ ऑगस्टला आला, आणि ब्रिटन त्याच दिवशी ज्यात उतरले त्या महायुद्धात तो बुडाला.

हिंदुस्थानात कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९३०–३१ मध्ये चौकशी केली आणि १९४० चा औषध कायदा झाला. आयुर्वेदीय औषधे वगळता पेटंट औषधाच्या वेष्टनावर घटक छापण्याची तरतूद त्याने केली. ज्या गुपितावर हे सारे गद्य उभे होते त्यास अशा रीतीने कायद्याचा धक्का बसला. गद्य मात्र संपले नाही. १९५४ मध्ये आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात त्यातील काही कलमे सदोष ठरली तरी अशा जाहिरातीस भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९८२ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय ‘पेटंट किंवा मालकीच्या’ औषधाची व्याख्या कायद्यात आली. तिचा आशय असा की घटक प्रमाणग्रंथांतील असावेत, पाठ मात्र त्या ग्रंथांतील नसावा.