‘धोका’ म्हणजे नेमका कोणाला?

संशोधन प्रस्तावात ‘संभाव्य धोके’ असा एक रकाना असतो. आपण बहुतेक जण तो शेवटच्या रात्री घाईघाईत भरतो. त्या रकान्याकडे नीट कसं बघायचं, हे मला एका चित्रप्रदर्शनाने शिकवलं.

फिलिप गस्टन (१९१३–१९८०) हा ज्यू स्थलांतरित कुटुंबातला अमेरिकन चित्रकार. ‘कू क्लक्स क्लॅन’ या वर्णद्वेषी संघटनेचे बुरखाधारी त्याच्या चित्रांत येतात. कधी ते गाडीतून हिंडतात, तर एका चित्रात एक बुरखाधारी चक्क स्वतःचंच चित्र रंगवतोय. दुष्टपणा फक्त ‘त्यांच्यात’ नसतो, माझ्यातही असू शकतो, असा या चित्रांचा रोख.

जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर काही महिन्यांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, चार संग्रहालयांनी त्याचं मोठं प्रदर्शन थेट २०२४ पर्यंत पुढे ढकललं. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, लंडनचं टेट मॉडर्न आणि बॉस्टन व ह्यूस्टनमधली ललित कला संग्रहालयं, ही ती चार. तोवर कॅटलॉग तयार होता, त्यात कृष्णवर्णीय कलावंतांचे लेखही होते. मग कलाकारांचं निषेधपत्र आलं. निर्णयावर जाहीर टीका करणाऱ्या टेटच्या क्युरेटरला निलंबित केलं गेलं. वाद टाळायला घेतलेला निर्णयच मोठा वाद झाला.

याला नुसता भित्रेपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मीही आधी तेच लिहिलं होतं. पण मूळ चारही क्युरेटर गोरे होते, आणि या चित्रांसमोर दिवसभर उभं राहायचं होतं ते सुरक्षारक्षकांनी. तेव्हा प्रश्न खरा होता. उत्तर चुकलं, कारण ‘धोका’ या एका शब्दात दोन गोष्टी मिसळल्या: माणसांना होणारा त्रास आणि संस्थेच्या नावाला लागणारा बट्टा. तारीख बदलून दुसरी काळजी फार तर लांबते. पहिलीसाठी माणसांशी बोलावंच लागतं.

अखेर मे २०२२ मध्ये प्रदर्शन बॉस्टनला उघडलं. क्युरेटरांचा गट वाढवला होता. बुरख्यांची चित्रं टाळून पुढे जायला वेगळी वाट ठेवली होती. मनाची तयारी करून देणारं एक पत्रकही होतं. हे पत्रक मला प्रेक्षकाला लहान मूल समजणारं वाटतं. वाट मात्र पटते: चित्र भिंतीवर राहतं आणि बघायचं की नाही ते प्रेक्षक ठरवतो.

म्हणून अशा प्रकरणावर काम करताना, आणि स्वतःचा तो रकाना भरतानाही, तीन प्रश्न लिहून काढा. धोका कोणाला? तो ठरवला कोणी? आणि ज्याला आहे, त्याला कोणी विचारलं का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर रकाना अजून रिकामाच आहे असं समजा.